दुरुस्ती आणि तपासणीचा भार

मध्य रेल्वेच्या मार्गावर राहणाऱ्या श्रोत्यांना रविवारच्या मेगाब्लॉकची ओळख करून देण्याचे कारण नाही. माटुंगा ते मुलुंड या टप्प्यात धीम्या मार्गावर काम निघाले, की धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात. त्या शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंड येथे थांबतात. विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर येथील उतारूंनी त्या दिवशी आपली सोय आपण पाहायची असते. अंधेरी-बोरिवलीकडच्या मंडळींना हाच अनुभव जम्बो ब्लॉक या नावाने येतो. आपण सारे कुरकुरतो, पण मनातून जाणतो, की रूळ वेळेवर बदलले नाहीत तर एक दिवस कुरकुरण्यापुरतेही आपण उरणार नाही. म्हणून रविवार निवडला जातो, घोषणा होते, उरलेल्या मार्गांवर किती गाड्या मावतील याचा हिशेब होतो, आणि मगच कुदळ-फावडे रुळावर उतरते.

आज आम्हांला अशाच एका ब्लॉकविषयी बोलायचे आहे. तो बहुधा मध्यरात्रीनंतर होतो, त्याची घोषणा कोणत्याही फलाटावर होत नाही, आणि तो नीट पार पडला तर झाला होता हे कोणाला कळतही नाही. आपल्या सहकारी बँकेतील खाते, विजेचे बिल, इस्पितळातील नोंद, शेअरांची खरेदी-विक्री हे सर्व ज्या मोठ्या संगणकांवर चालते, त्या संगणकांच्या दुरुस्तीचा हा ब्लॉक होय. दुरुस्ती झाल्यावर ती नियमाप्रमाणे झाली की नाही, हे तपासावे लागते. ही तपासणी फुकट होत नाही, तिचाही भार त्याच संगणकांवर आणि त्याच माणसांवर पडतो, आणि तो भार नीट वाटला नाही तर सुरक्षिततेसाठी केलेली तपासणीच सेवा बंद पाडू शकते, एवढी एकच गोष्ट आज आम्हांला सांगायची आहे.

प्रथम हे संगणक कसे असतात ते पाहू. पूर्वी एका कामाला एक संगणक अशी रीत होती. खात्यांचा एक, पगाराचा दुसरा, टपालाचा तिसरा. प्रत्येकाची शक्ती बहुतेक वेळ वायाच जाई. ही म्हणजे एका माणसाला एक बंगला देण्यासारखी उधळपट्टी झाली. तिच्यावर तोड म्हणून एका मोठ्या संगणकात अनेक ‘आभासी’ संगणक नांदवण्याची युक्ती निघाली. ती मुळात जुनी आहे. अमेरिकेतील केंब्रिज येथे आय. बी. एम. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात ती सिद्ध केली, आणि १९७२ साली त्या कंपनीने ती आपल्या मोठ्या यंत्रांसाठी बाजारात आणली. साध्या, स्वस्त यंत्रांवर ती रुळवण्याचे काम मुख्यतः १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने केले. तिचा सर्व्हरसाठीचा संच २००१ साली आला. आज या क्षेत्रात इतरही अनेक संच आहेत, पण आम्ही पुढे जे सांगणार आहोत ते थोड्याफार फरकाने सर्वांना लागू पडते.

ही व्यवस्था गिरगावातल्या किंवा घाटकोपरातल्या चाळीसारखी आहे. इमारत एक, बिऱ्हाडे तीस. प्रत्येकाचे दार वेगळे, चूल वेगळी, आणि शेजारच्या घरात काय शिजते ते दिसू नये अशी मधली भिंत. ही चाळ म्हणजे यजमान संगणक. या धंद्यातली मंडळी त्याला ‘होस्ट’ म्हणतात. बिऱ्हाडे म्हणजे त्यावरची आभासी यंत्रे, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन. बिऱ्हाडांना जागा, पाणी आणि वीज वाटून देणारी मूळ आज्ञावली ती हायपरव्हायझर. अशा सहा-आठ चाळींचा एक वाडा केला की त्याला क्लस्टर म्हणतात, आणि सर्व वाड्यांवर देखरेख करणारा एक मध्यवर्ती नियंत्रक असतो. चाळीत कधीच न होणारी एक गोष्ट मात्र येथे होते. चुलीवर भात शिजत असताना अख्खे बिऱ्हाड एका चाळीतून दुसऱ्या चाळीत हलवता येते, आणि घरातल्या माणसांना त्याचा पत्ताही लागत नाही. चालू यंत्र असे हलवण्याची ही सोय २००३ सालापासून उपलब्ध आहे, आणि आजच्या आमच्या विषयाचा सारा डोलारा तिच्यावर उभा आहे.

आता दुरुस्ती कशासाठी? आज्ञावली माणसाने लिहिलेली असते, म्हणून तिच्यात छिद्रे राहतात. एखादे छिद्र सापडले की ते बुजवण्यासाठी कंपनी जे ठिगळ पाठवते त्याला पॅच म्हणतात. साध्या यंत्राला ठिगळ लागले नाही तर एक बिऱ्हाड लुटले जाते. यजमान संगणकाला लागले नाही तर चोराच्या हाती अख्ख्या चाळीची किल्ली पडते. याचे उदाहरण फार लांबचे नाही. व्हीएमवेअरच्या यजमान संगणकांतील एका छिद्रावरचे ठिगळ २३ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाले होते. जवळजवळ दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ च्या आरंभी, खंडणीखोरांनी बहुधा त्या छिद्रातून शिरून जगभरातील हजारो यजमान संगणकांमधील आभासी यंत्रांच्या फायली कुलूपबंद केल्या आणि सुटकेसाठी पैसे मागितले. फ्रान्समध्ये त्याचा फटका मोठा बसला. औषध दोन वर्षे कपाटात होते, पण ते रोग्याच्या तोंडात गेले नव्हते.

मग ठिगळ आले की त्याच रात्री लावून का टाकत नाहीत, असे कोणी विचारील. लावण्याची रीत पाहिली म्हणजे अडचण ध्यानात येते. ज्या यजमानाला ठिगळ लावायचे तो आधी रिकामा करावा लागतो. त्यावरची सर्व बिऱ्हाडे शेजाऱ्यांकडे हलवायची, त्याला ‘मेंटेनन्स मोड’ म्हणजे दुरुस्तीच्या अवस्थेत टाकायचे, ठिगळ लावायचे, तो बंद करून पुन्हा सुरू करायचा, तपासायचा, बिऱ्हाडांसाठी मोकळा करायचा, आणि मग पुढच्या यजमानाकडे वळायचे. २०१८ सालापासून पुन्हा सुरू करण्याचा वेळ वाचवण्याची एक युक्ती निघाली आहे, आणि २०२४ साली काही ठिगळे यजमान रिकामा न करताही लावण्याची सोय आली. पण ती सर्व ठिगळांना चालत नाही. नेहमीचा मार्ग म्हणजे रिकामे करण्याचाच.

येथे थोडे गणित करू. समजा, वाड्यात आठ यजमान आहेत आणि प्रत्येक शंभरात साठ भरलेला आहे. एक रिकामा केला की आठांचे काम सातांवर येते, आणि प्रत्येक सुमारे ६९ टक्के भरतो. दोन एकदम रिकामे केले तर ८० टक्के. घाईने तीन केले तर ९६ टक्के. कागदावर अजून चार टक्के शिल्लक दिसतात, पण व्यवहारात तो वाडा गुदमरलेला असतो. हलवण्यालाही वेळ लागतो. एका यजमानाच्या स्मृतीत ५१२ गिगाबाइट भरलेले असतील आणि यजमानांमधला रस्ता सेकंदाला दहा गिगाबिटचा असेल, तर तो रस्ता पूर्ण मोकळा आहे असे धरले तरी हलवण्याला सुमारे सात मिनिटे लागतात. त्याच रस्त्यावर दुसरी वर्दळ असेल तर किती, हे विक्रोळीच्या द्रुतगती मार्गावर संध्याकाळी अडकलेल्या श्रोत्यांना आम्ही काय सांगावे!

तेव्हा ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की दुरुस्तीच्या वेळी व्यवस्था सर्वांत दुबळी असते. मुंबईने हे १२ ऑक्टोबर २०२० रोजी अनुभवले आहे. कळवा-पडघे येथील ४०० केव्ही वाहिनीच्या एका सर्किटची देखभाल चालू होती, म्हणून भार दुसऱ्या सर्किटवर होता. त्या दुसऱ्यात बिघाड झाला आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याच्या मोठ्या भागातील वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. देखभाल करणे चूक नव्हते. परंतु देखभाल चालू असताना उरलेल्या वाटेवर नवा भार किंवा नवे संकट आले तर काय, हा प्रश्न विजेच्या तारेला जसा लागू आहे तसाच यजमान संगणकांनाही लागू आहे.

आता तपासणीकडे येऊ. बँकेने ठिगळे वेळेवर लावली की नाही, हे विचारणारे अनेक आहेत, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी १९ ऑक्टोबर २०१८ रोजी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली. तीत यंत्रांची यादी ठेवणे आणि ठिगळे वेळेवर लावणे या गोष्टी आहेत. ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांचे चार स्तर ठरवून त्याप्रमाणे नियम चढते केले. शेअरबाजाराशी संबंधित संस्थांसाठी सेबीने २० ऑगस्ट २०२४ रोजी आपली विस्तृत चौकट जाहीर केली. याखेरीज अंतर्गत हिशेबतपासनीस आणि बाहेरचे तपासनीस असतातच.

नियम पाळले जातात की नाही याच्या या पडताळणीचे, ज्याला कंप्लायन्स चेक म्हणतात त्याचे, तीन प्रकार श्रोत्यांनी वेगळे ओळखावेत. पहिला हलका. मध्यवर्ती नियंत्रक यजमानाला विचारतो, तुझ्यावर कोणती आवृत्ती आहे, आणि ठरलेल्या यादीशी ताडून पाहतो. उत्तर ‘अनुरूप’, ‘विसंगत’ किंवा ‘अज्ञात’ असे येते. दुसरा मध्यम. यजमानाच्या शेकडो मांडण्या एकेक करून पाहायच्या. कोणते दार उघडे आहे, कोणाला किल्ली दिली आहे, घड्याळ बरोबर आहे का. तिसरा जड. प्रत्येक बिऱ्हाडात शिरून तिथल्या सर्व फायली चाळायच्या. बिऱ्हाडे वेगवेगळी असली तरी त्यांची कोठी म्हणजे साठवणीची जागा बहुधा एकच असते, हे येथे विसरून चालत नाही. तीस बिऱ्हाडांनी एकाच क्षणी सामायिक नळ सोडला, की वरच्या मजल्यावर थेंबही चढत नाही.

आमच्या स्वतःच्या पाहण्यातली एक रात्र सांगतो. उपनगरातील एका लहानशा वित्तसंस्थेत यजमानांना ठिगळे लावण्याचे काम मध्यरात्री सुरू झाले. आठांपैकी दोन यजमान एकदम रिकामे केले होते. हिशेबात ते बसत होते. दोन वाजता, कोणी तरी पूर्वी ठरवून ठेवल्याप्रमाणे, सर्व आभासी यंत्रांची जड तपासणी आपोआप सुरू झाली. कोठीवर गर्दी उसळली. दिवसअखेरचे व्याज आणि जमाखर्च यांचे काम रखडले. अर्धवट दुरुस्त वाडा पाहून नियंत्रकाने ‘विसंगत’ आणि ‘अज्ञात’ अशा सूचनांचा पाऊस पाडला, आणि जागे असलेले दोघे तंत्रज्ञ काम सोडून त्या सूचना वाचत बसले. सकाळी शाखा उघडली तेव्हा यंत्रे डोलत होती. महिन्याचा पहिला आठवडा असल्यामुळे निवृत्तिवेतन घेणारी वडीलधारी मंडळी पासबुके हातात धरून बाकांवर बसली होती. त्यांना दोन तास बसावे लागले. चौकशीत असे आढळले, की कोणीच नियम मोडला नव्हता. ठिगळ लावणाऱ्याने नियमाप्रमाणे लावले, तपासणाऱ्याने नियमाप्रमाणे तपासले. चुकले ते एवढेच, की दोघांनी एकमेकांचे वेळापत्रक पाहिले नव्हते.

यावरचे उपाय साधे आहेत, आणि त्यांना नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

पहिला उपाय, ब्लॉकच्या आधी जे होण्यासारखे आहे ते आधीच उरकणे. यजमानाची प्रकृती ठीक आहे का, त्याचे भाग नव्या आवृत्तीशी जुळतात का, शेजाऱ्यांकडे जागा आहे का, ही पूर्वतपासणी दोन दिवस आधी करता येते. ठिगळाची फाईलही आधीच यजमानावर नेऊन ठेवता येते. रेल्वे नवे रूळ ब्लॉकच्या आधीच मार्गालगत आणून ठेवते, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा उपाय, जे बदलले तेवढेच तपासणे. आठ यजमानांच्या वाड्यात एकेका यजमानाच्या दुरुस्तीनंतर सबंध वाडा तपासला तर आठ वेळा आठ, म्हणजे ६४ तपासण्या होतात. त्याऐवजी आरंभी सबंध वाडा एकदा, दरम्यान नुकताच दुरुस्त झालेला यजमान तेवढा, आणि शेवटी सबंध वाडा पुन्हा एकदा असे केले, तर ८ आणि ८ आणि ८ मिळून २४ होतात. सुटले काहीच नाही, आणि भार मात्र निम्म्याहून कमी झाला.

तिसरा उपाय, जड तपासणी वेळेवर पसरणे. वाड्यात २४० बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकाच्या तपासणीला दहा मिनिटे लागतात असे धरा. सर्वांना बाराच्या ठोक्याला सुरू करा म्हटले तर २४० जण एकदम कोठीवर तुटून पडतात. तेच काम सहा तासांवर पसरले तर कोणत्याही क्षणी सातच बिऱ्हाडे तपासली जात असतात. आणि ज्या रात्री दुरुस्ती आहे त्या रात्री ती सातही नकोत. आणखी एक बारकावा असा, की तपासणीचे काही संच हुकलेली वेळ लक्षात ठेवतात, आणि यंत्र पुन्हा सुरू होताच थकबाकी वसूल करायला धावतात. तो धावा आधीच थांबवून ठेवावा लागतो.

चौथा उपाय, दुरुस्ती चालू असलेल्या वाड्यापुरत्या आपोआप होणाऱ्या तपासण्या आणि सूचना तात्पुरत्या थांबवणे. ‘तात्पुरत्या’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. थांबवतानाच त्या कोणत्या घटकेला पुन्हा सुरू होतील ते यंत्राला सांगून ठेवले पाहिजे. माणसाच्या आठवणीवर सोडलेली स्थगिती बहुधा कायमची होते, आणि पहारेकरी झोपवून ठेवल्याचे कोणाला स्मरत नाही.

पाचवा उपाय यंत्रांचा नसून माणसांचा आहे. रिझर्व्ह बँकेचा तपासनीस, अंतर्गत तपासनीस आणि विमा कंपनी हे तिघे बहुधा एकच गोष्ट विचारतात. दरवेळी नव्याने तपासणी न करता एक नोंदवही ठेवावी. कोणता यजमान, आधीची आवृत्ती, नंतरची आवृत्ती, कोणी केले, किती वाजता, तपासणीचे फळ काय. विचारणाऱ्याला तिचा उतारा द्यावा. जिथे शंका असेल तिथे तपासनिसाने स्वतः निवडलेले दोन यजमान त्याच्यासमोर पुन्हा तपासून दाखवावेत. यातच तपासणीचा खरा मान आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तपासणी कमी करा म्हणणे ही ढिलाईची सुरुवात नव्हे काय? आळशी माणूस या व्याख्यानाचा आधार घेऊन तपासणीच पुढे ढकलील, आणि मग खंडणीखोरांना आयतेच रान मिळेल. आमचे उत्तर असे, की आम्ही तपासणी कमी करा असे म्हणत नाही, वाटून करा असे म्हणतो. ठिगळ लावले पण तपासले नाही, तर ते लागले असे समजू नये. मात्र तपासण्यांची संख्या वाढवल्याने सुरक्षितता आपोआप वाढते, हा समजही तितकाच घातक आहे.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवावा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने सकाळी सुमारे ९ वाजून ३९ मिनिटांनी, आपल्या घड्याळाप्रमाणे, एक सुधारणा जगभर पाठवली. ती सदोष होती. सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवासपत्रे देण्याची पाळी आली, आणि आपल्या अंधेरीच्या विमानतळावरील उड्डाणांनाही झळ लागली. ती सुधारणा पाठवण्यापूर्वी तपासलीच नव्हती असे नाही. तपासली होती, पण तपासणाऱ्या आज्ञावलीतच दोष होता, असे त्या कंपनीने स्वतः नंतर सांगितले. ती टप्प्याटप्प्याने न पाठवता सर्वांना एकदम पाठवली होती. प्रथम थोड्या यंत्रांवर पाठवून तासभर वाट पाहिली असती, तर अनर्थ तेवढ्यापुरताच राहिला असता. म्हणून शहाणी मंडळी ठिगळ प्रथम एकाच यजमानावर लावतात, त्यावर कमी महत्त्वाची बिऱ्हाडे ठेवतात, एक दिवस जाऊ देतात, आणि मगच पुढे सरकतात. ती एका दिवसाची वाट पाहणे हीसुद्धा तपासणीच आहे. कोणत्याही यादीत तिला खूण करायची जागा नसते, एवढेच. अर्थात चोर दाराशीच उभा असेल, छिद्राचा गैरवापर सुरू झाल्याची बातमी असेल, तर तो दिवस काही तासांवर आणावा लागतो. तो निर्णय कोणी घ्यायचा हे शांततेच्या काळात ठरलेले असावे.

हे सर्व येथे जमलेल्या मंडळींना कशाला, असे म्हणू नये. आपल्यापैकी बरेच जण कोणत्या ना कोणत्या सहकारी बँकेचे सभासद आहेत. वार्षिक सभेत आपण लाभांश किती हे विचारतो आणि चहा घेऊन घरी येतो. यंदा आणखी तीन प्रश्न विचारावेत. ठिगळ प्रसिद्ध झाल्यापासून ते आपल्या यजमान संगणकांवर लागेपर्यंत किती दिवस जातात? दुरुस्ती चालू असताना एक यजमान अचानक बंद पडला, तर उरलेले भार पेलतील का? आणि दुरुस्ती व तपासणी यांचे वेळापत्रक एकाच माणसाच्या नजरेखाली आहे का? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी संचालकांना संगणकशास्त्री असावे लागत नाही. त्यांनी आपल्या तंत्रज्ञांना एकदा तरी विचारलेले असावे लागते.

रूळ बदलल्यावर पहिली गाडी त्यावरून सावकाश नेतात. वेगाची मर्यादा घालतात, मार्ग बसला याची खात्री झाली की ती उठवतात. खिडकीशी बसलेला उतारू गाडी का रेंगाळते म्हणून त्रासतो, पण त्या सावकाशीत त्याच्याच जिवाची काळजी असते. दर पावलाला गाडी थांबवून रूळ मोजणारा अभियंता आणि न मोजताच हिरवा दिवा दाखवणारा अभियंता, या दोघांच्याही हाती आपण आपला जीव देणार नाही. कुठे, केव्हा आणि किती मोजायचे हे जाणणारा माणूस आपल्याला हवा असतो. आपली पुंजी ज्या यंत्रांच्या हवाली केली आहे, त्यांच्याजवळ रात्री असाच माणूस बसलेला असावा, आणि त्याला हा हिशेब करण्यापुरती उसंत मिळावी, एवढे आपण सभासद म्हणून पाहिले पाहिजे.